प्रोटीन क्रिस्टलवर झिफ-८ चा थर धरत नाही, क्रिस्टल तडकतात, एन्झाइम बंद पडतं: तपासणी कुठून सुरू करायची

प्रोटीनच्या क्रिस्टलभोवती मॉफचा थर चढवायचा, म्हणजे धातूचे आयन आणि सेंद्रिय लिंकर जोडून बनलेली सच्छिद्र जाळी वाढवायची, तर बहुतेक जण झिफ-८ या मॉफपासूनच सुरुवात करतात आणि ते बरोबरच आहे, कारण त्याचे घटक, झिंक आणि २-मिथाइलइमिडॅझोल हा लिंकर, पाण्यात, खोलीच्या तापमानाला, साध्या मिसळण्याने जुळतात. यूआयओ-६६ सारख्या मॉफच्या मूळ कृतीत डायमिथाइलफॉर्मामाइड आणि १२० अंश लागतात, त्यात कुठलंही प्रोटीन टिकणार नाही. पण झिफ-८ सोपं आहे म्हणून क्रिस्टलवर ते सहज बसेल असं नाही. हा बिघाड मी स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्याही नमुन्यांत इतक्यांदा निस्तरलाय की आता लक्षणं ऐकली की दोष साधारण कुठे असेल ते कळतं, आणि तो जवळजवळ नेहमी क्रिस्टलभोवतीच्या द्रावणात सापडतो, मॉफच्या कृतीत क्वचित.

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं आहे ते ठरवा.

लिंकर टाकल्यावर मिनिटभरात क्रिस्टलला तडे जातात, किंवा कडा गोल होत होत ते विरघळूनच जातात. किंवा सगळं द्रावण पांढरं गढूळ होतं, खाली भरपूर पावडर बसते, पण क्रिस्टल मायक्रोस्कोपखाली आधी होते तसेच उघडे. किंवा थर बसलेला दिसतो, पण एक्सआरडी (एक्स-किरण विवर्तन) काढली की झिफ-८ ची शिखरं नाहीतच. किंवा शिखरं अगदी सुरेख येतात आणि एन्झाइमची ॲक्टिव्हिटी शून्य. शेवटचा प्रकार म्हणजे ॲक्टिव्हिटी आहे, पण एकदा धुतलं की ती धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जाते. दोन-तीन लक्षणं एकत्र असली तरी घाबरू नका, त्यांच्यामागचं कारण बऱ्याचदा एकच असतं.

सगळ्यात स्वस्त तपासणी: बफरची बाटली आणि वहीतली नोंद

याला काहीच खर्च नाही, तरी हीच पायरी लोक सोडतात. मदर लिकरमध्ये, म्हणजे क्रिस्टल ज्या द्रावणात वाढले त्यात, काय काय आहे ते एका कागदावर उतरवा, प्रोटीन शुद्ध करताना जे बफर वापरले तेही धरून, कारण डायलिसिस अर्धवट राहिलं की त्यातलं थोडं क्रिस्टलपर्यंत येतंच.

फॉस्फेट असेल तर तिथेच थांबा. झिंक आणि फॉस्फेट मिळून झिंक फॉस्फेट बनतं, आणि ते इतकं घट्ट बसतं की आधी तयार झालेलं झिफ-८ सुद्धा फॉस्फेट बफरमध्ये ठेवलं तर हळूहळू मोडतं. सिट्रेट, टार्ट्रेट, मॅलोनेट हे झिंकला धरून ठेवतात, ईडीटीए हा धातू पकडणारा पदार्थ तर ठेवतोच. अमोनियम सल्फेट प्रोटीन क्रिस्टलसाठी फार आवडता प्रेसिपिटंट (प्रोटीनला द्रावणातून बाहेर ढकलून क्रिस्टल बनवायला लावणारा पदार्थ) आहे पण अल्कधर्मी पीएचला त्यातून अमोनिया निघतो आणि तो झिंकबरोबर कॉम्प्लेक्स करतो, म्हणून लिंकरच्या वाट्याला झिंक कमी येतं. डीटीटी आणि मर्कॅप्टोइथेनॉल या रिड्यूसिंग पदार्थांमधलं सल्फरही झिंकला पकडतं. आणि हिस्टिडिन टॅग (हिस्टिडिन या अमिनो आम्लाची शेपटी) लावून निकेल कॉलमवर शुद्ध केलेलं प्रोटीन असेल तर त्या बफरमधलं इमिडॅझोल आठवा, ते तुमच्या लिंकरचंच भावंड आहे, थोडं जरी उरलं असेल तरी जाळी बनताना मधे घुसतं.

यावर एका थेंबाची चाचणी आहे. प्रोटीन नसलेलं मदर लिकर घ्या, त्यात झिंक ॲसिटेटचा थेंब टाका, शेजारी तोच थेंब हेपीस बफरमध्ये, त्याच पीएचला. तुमचं लगेच गढूळ आणि हेपीसचं स्वच्छ असेल तर उत्तर मिळालं. पण स्वच्छ राहिलं म्हणून सुटलो असं समजू नका, सिट्रेट आणि ईडीटीए गढूळ करत नाहीत, उलट झिंकला विरघळलेलं ठेवतात. म्हणून दुसरी जोडी लावा: झिंक आणि लिंकर दोन्ही, एकदा साध्या पाण्यात आणि एकदा तुमच्या मदर लिकरमध्ये, क्रिस्टलशिवाय. पाण्यात जे बनतं ते मदर लिकरमध्ये बनतच नसेल तर क्रिस्टलला दोष देऊन उपयोग नाही.

बदल काय करायचा, तर फॉस्फेटऐवजी हेपीस, अमोनियम सल्फेटऐवजी जमलं तर लिथियम सल्फेट किंवा पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल). पीईजीवाली द्रावणं मला सगळ्यात सोयीची वाटतात, झिंकशी फारशी भानगड करत नाहीत, फक्त घट्ट असल्यामुळे झिंक आणि लिंकर आत-बाहेर व्हायला वेळ लागतो, म्हणून घाई करायची नाही.

दुसरी: नक्की कोण क्रिस्टल मारतंय ते वेगळं करा

मायक्रोस्कोप आणि अर्धा तास, एवढंच लागतं. चार थेंब लावा. एकात क्रिस्टल नुसत्या मदर लिकरमध्ये, दुसऱ्यात तेवढ्याच आकारमानाचं साधं पाणी मिसळून, तिसऱ्यात झिंक, चौथ्यात लिंकर. झिंक आणि लिंकर साध्या पाण्यात बनवून एकेकटे टाकायचे, म्हणजे चारही थेंबांची तुलना बरोबर होते.

पाण्याच्याच थेंबात क्रिस्टल विरघळले तर लिंकरचा काही संबंध नाही, तुम्ही प्रेसिपिटंट अर्धा केलात. प्रोटीन क्रिस्टलमध्ये साधारण २७ ते ६५ टक्के द्रावणच असतं, आणि प्रोटीनचे रेणू एकमेकांना थोड्याच जागी टेकलेले असतात, त्यामुळे बाहेरची खारट तीव्रता बदलली की आत लगेच कळतं. उपाय सोपा आहे, झिंक आणि लिंकरची द्रावणं पाण्यात न बनवता त्याच मदर लिकरमध्ये बनवायची, म्हणजे मिसळल्यावर प्रेसिपिटंट पातळ होत नाही. निम्म्या केसेस इथेच सुटतात असं माझं मत आहे.

फक्त लिंकरच्या थेंबात तडकत असेल तर पीएच. २-मिथाइलइमिडॅझोल बेस आहे, प्रोटीन कोंडण्यासाठी वापरतात ते १६० मिलीमोलर द्रावण नुसत्या पाण्यात पीएच १० च्या वर जातं. आता लायसोझाइम या एन्झाइमचे टेट्रागोनल क्रिस्टल बघा, ते मीठ आणि ॲसिटेट बफरमध्ये साडेचारच्या आसपास वाढवलेले असतात, त्यांना एकदम तिकडे नेलं तर ते कसे टिकणार. आणि उलट साडेचारलाच ठेवलं तर झिफ-८ बनणार नाही, कारण ६ च्या खाली लिंकरला प्रोटॉन चिकटतो आणि जाळी विरघळते. म्हणजे क्रिस्टलला हवं ते आणि जाळीला हवं ते एकाच ठिकाणी नाही, मधली जागा शोधावी लागते किंवा क्रिस्टलला आधी बांधून घ्यावं लागतं, ते पुढे येतंय.

फक्त झिंकच्या थेंबात तडे जात असतील तर पृष्ठभागावरच्या हिस्टिडिनना झिंक चिकटतंय आणि रेणू जिथे टेकलेत तिथेच ढकलाढकली होतेय. झिंक कमी करा, टप्प्याटप्प्याने वाढवा. हिस्टिडिन टॅग अजून लागलेला असेल तर तो कापून क्रिस्टल वाढवणं हा खरा उपाय, पण ते महाग काम आहे, म्हणून आधी कमी झिंक करून बघा.

तिसरी: जे दिसतंय ते प्रोटीन क्रिस्टलच आहे ना

हे विचारायला लोकांना संकोच वाटतो पण विचारायलाच हवं. झिंक फॉस्फेटचे चपटे, पाकळ्यांसारखे स्फटिक फार देखणे असतात आणि कितीतरी जण त्यांनाच यश समजतात. थोडं मिथिलीन ब्लू टाका, प्रोटीन क्रिस्टलमध्ये पाण्याचे चॅनल असल्यामुळे रंग आत शिरतो, मिठाच्या, म्हणजे झिंक फॉस्फेटसारख्या क्षाराच्या, स्फटिकात शिरत नाही. सुईने दाबून बघा, प्रोटीनचा क्रिस्टल मऊपणे चुरतो, मिठाचा कडक लागतो. ट्रिप्टोफॅन असेल तर अल्ट्राव्हायोलेटखाली प्रोटीन चमकतं.

क्रॉस केलेल्या, म्हणजे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या, पोलरायझरमध्ये बघताना मात्र जपून. टेट्रागोनल लायसोझाइम चमकतो आणि थर चढवल्यावर ती चमक गेली तर आतली रचना बिघडली असं समजायला हरकत नाही. पण फेरिटिन किंवा क्यूबिक इन्सुलिन मुळातच चमकत नाहीत, झिफ-८ सुद्धा क्यूबिक आहे, ते अंधारातच राहणार, त्यावरून काही निष्कर्ष काढू नका.

चौथी: धुण्याची पद्धत

खूप जण पावडरवाल्या एन्झाइम-झिफच्या (सुटं एन्झाइम झिफमध्ये कोंडण्याच्या) कृतीतून धुण्याची पद्धत जशीच्या तशी उचलतात. तिथे इथेनॉलने धुणं चालतं, कधी कधी आकारहीन पदार्थ इथेनॉलमध्ये गेल्यावर नीट झिफ-८ मध्ये बदलतो सुद्धा. क्रिस्टलला मात्र इथेनॉल म्हणजे निर्जलीकरण, पाणी ओढलं गेलं की तडे. सेंट्रीफ्यूजही नको, क्रिस्टल एकमेकांवर आपटून थर सोलला जातो. ट्यूब उभी ठेवून आपोआप खाली बसू द्या, वरचं द्रावण हळू काढा, थोडं लिंकर घातलेल्या मदर लिकरनेच धुवा. आणि वाळवू नका. झिफ-८ वाळलेलं चालतं, प्रोटीन क्रिस्टल वाळला की संपला.

धुतल्यावर ॲक्टिव्हिटी गेली असेल तर ती बहुधा बाहेर चिकटलेल्या प्रोटीनची होती. लिंकर टाकण्याआधी वरच्या द्रावणाचं २८० नॅनोमीटरला शोषण मोजा. आकडा चढत असेल तर क्रिस्टलमधून प्रोटीन सुटतंय, आणि सुटलेलं प्रोटीनच बाहेर झिफ-८ चं बीज होतं, म्हणून सगळं द्रावण गढूळ आणि क्रिस्टल उघडे, ही दोन लक्षणं इथे जोडली जातात. डूनन आणि फाल्कारो यांच्या गटांनी २०१५ मध्ये हेच दाखवलं होतं, की प्रोटीन स्वतःभोवती झिंक आणि लिंकर गोळा करून जाळी वाढवायला मदत करतं. पावडरच्या कामात हा गुण फायद्याचा आहे, आपल्या कामात सुटं प्रोटीन क्रिस्टलशी स्पर्धा करतं.

पाचवी: क्रिस्टल बांधून घेणं, म्हणजे क्रॉसलिंकिंग

इथून खर्च आणि धोका दोन्ही वाढतात. ग्लुटारल्डिहाइडने प्रोटीन क्रिस्टल बांधायची पद्धत १९६४ पासूनची आहे, क्विओचो आणि रिचर्ड्स यांनी कार्बॉक्सिपेप्टिडेजवर ती केली होती, आणि अजूनही हीच सगळ्यात भरवशाची. लायसिन या अमिनो आम्लाच्या अमिनो गटांमध्ये पूल तयार होतात, मग क्रिस्टल पाण्यात टाकला तरी विरघळत नाही. हीच त्याची चाचणीही आहे: एक क्रिस्टल काढून साध्या पाण्यात ठेवा, तासभर तसाच राहिला तर बांधला गेला.

राहत नसेल तर बहुतेक वेळा दोन कारणं. एक, मदर लिकरमध्ये ट्रिस किंवा अमोनियम सल्फेट आहे. दोन्हींकडे ग्लुटारल्डिहाइडशी जुळणारा अमाइन किंवा अमोनिया आहे, ते आधी तिथेच खर्च होतं आणि लायसिनपर्यंत काही उरत नाही. म्हणूनच मी बफरची यादी पहिल्या पायरीवर ठेवली. दोन, बाटली जुनी आहे. ग्लुटारल्डिहाइड ठेवल्या ठेवल्या पॉलिमर बनतं, शोषण मोजलं तर चांगल्या मालाचं शिखर २८० नॅनोमीटरला दिसतं आणि पॉलिमरचं २३५ ला, २३५ वालं मोठं झालं असेल तर नवी बाटली उघडा.

सुरुवात ०.२५ टक्के, अर्धा तास, अशी करा आणि पाण्याच्या चाचणीत टिकेपर्यंत हळू वाढवा. आम्लधर्मी मदर लिकरमध्ये वेळ जास्त लागतो कारण लायसिनवर प्रोटॉन बसलेला असतो. जास्त घातलं तर क्रिस्टल मजबूत होतो आणि एन्झाइम मरतं, म्हणून प्रत्येक पायरीवर थर चढवण्याआधीची ॲक्टिव्हिटी मोजून ठेवा, नाहीतर नंतर झिफला उगाच दोष लागतो. नाजूक क्रिस्टल असेल तर ग्लुटारल्डिहाइड थेट न टाकता थेंबाशेजारी ठेवून वाफेने पोचू द्या, खूप सौम्य पडतं. नंतर उरलेलं नीट धुवून काढा. ग्लायसिनने संपवायचा मोह होतो पण ग्लायसिनही झिंकला धरतं, संपवलंच तर त्यानंतर भरपूर धुवा.

बांधून झालं की पीएच साडेसात-आठपर्यंत पायरी पायरीने न्या, प्रत्येक पायरीला क्रिस्टलला स्थिरावू द्या.

हे सगळं फ्यूम हुडमध्येच. ग्लुटारल्डिहाइडने श्वासाची ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की जन्मभर त्रास. हुड चालत नसेल तर काम थांबवा आणि सुरक्षा बघणाऱ्या माणसाला बोलवा, टेबलावर झाकण लावून भागवू नका.

सहावी: थर क्रिस्टलवरच का बसत नाही

इथपर्यंत सगळं ठीक आणि तरी क्रिस्टल उघडे, तर पृष्ठभागाचा भार बघा. झिंक धन भाराचं आहे, त्याला ऋण भाराचा पृष्ठभाग आवडतो. सीरम अल्ब्युमिनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (एकूण भार शून्य होतो तो पीएच) ५ च्या खाली आहे, त्याच्यावर झिफ पटकन वाढतं. लायसोझाइमचा ११ च्या आसपास, तो या पीएचला धन भाराचा राहतो आणि झिंकला दूर ठेवतो. लायसिनवर सक्सिनिक ॲनहायड्राइडची प्रक्रिया केली की भार उलटतो, किंवा पीव्हीपी या पॉलिमरचा पातळ थर देऊन बघा, हे स्वस्त आहे म्हणून आधी हे. क्रॉसलिंकिंगने लायसिनचा धन भार थोडा कमी होतोच, त्यामुळे बांधलेल्या क्रिस्टलवर थर बऱ्याचदा आपोआप चांगला बसतो.

दुसरं म्हणजे एकदम सगळं ओतू नका. आधी कमी झिंकमध्ये क्रिस्टल भिजवा, मोकळं झिंक पटकन धुवा, मग लिंकर, आणि ही फेरी पुन्हा पुन्हा. एकदम १६० मिलीमोलर लिंकर आणि ४० मिलीमोलर झिंक ओतलं की जाळी द्रावणातच सुरू होते.

सातवी: एक्सआरडी, आणि ती वाचायची कशी

तांब्याच्या एक्स-किरणांनी झिफ-८ ची शिखरं ७.३, १०.४, १२.७ आणि १८ अंशांच्या आसपास यायला हवीत. ही नसतील आणि १५ ते १८.५ च्या मधे दाट शिखरं असतील तर तेच झिंक आणि तोच लिंकर वेगळ्या, जवळजवळ बिनछिद्राच्या रचनेत गेलेत. लिंकरचं झिंकशी प्रमाण वाढवा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषलेल्या जुन्या अल्कधर्मी द्रावणांनी कार्बोनेट असलेलं रूपही येतं, द्रावण ताजं बनवा.

आणि एक गोष्ट जी मला प्रत्येक वेळी सांगावी लागते. ५ अंशांपासून सुरू होणाऱ्या स्कॅनमध्ये प्रोटीन क्रिस्टल नाही म्हणून रडू नका, तिथे तो चांगला असला तरी उठून दिसणार नाही. टेट्रागोनल लायसोझाइमची कोशिका (रचनेत पुन्हा पुन्हा येणारा छोटा ठोकळा) ७९ आणि ३८ आँगस्ट्रॉमची आहे, त्याचं पहिलं शिखर १.६ अंशाजवळ येतं, म्हणजे नेहमीच्या मशीनच्या खूप खाली. वरून नमुना वाळवून घेतला असेल तर तसंही काही उरलेलं नसतं. ओला नमुना, मदर लिकरसकट, सीलबंद कॅपिलरीमध्ये, लहान कोनांवर मोजावा लागतो.

आठवी: ॲक्टिव्हिटी खरंच गेली की सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू) आत शिरत नाही

झिफ-८ ची खिडकी सुमारे ३.४ आँगस्ट्रॉमची आणि आतली पोकळी ११.६ ची. हायड्रोजन पेरॉक्साइड जातं. ग्लुकोज त्यापेक्षा बरंच मोठं, ते फक्त थरातल्या फटीतून जाईल. म्हणजे थर जितका निर्दोष तितकी ॲक्टिव्हिटी कमी, आणि लोक याला एन्झाइम मेलं म्हणतात. थोडा नमुना घ्या, थर सौम्य आम्लात किंवा ईडीटीएमध्ये विरघळवा, धुवा, मग बांधलेल्या क्रिस्टलची ॲक्टिव्हिटी मोजा. परत आली तर एन्झाइम जिवंत होतं, दार बंद होतं. एन्झाइममध्येच धातू असेल तर ईडीटीए वापरू नका, तो धातूही ओढेल.

सब्स्ट्रेट लहान असूनही ॲक्टिव्हिटी नाही, तर झिफ-८ चा पाण्याला दूर ठेवणारा स्वभाव कारण असू शकतो. कॅटॅलेज हे एन्झाइम झिफ-८ मध्ये बंद पडतं आणि झिफ-९० किंवा एमएएफ-७ या मॉफमध्ये चालतं, कारण त्यांचे लिंकर पाण्याशी जुळवून घेतात. इथे कृती सुधारत बसू नका, मॉफ बदला.

कधी थांबायचं

थर न चढवलेला, नुसता बांधलेला क्रिस्टलच डिफ्रॅक्शन देत नसेल तर थांबा, हा मॉफचा प्रश्न उरला नाही, क्रिस्टलोग्राफरकडे जा. प्रोटीनच्या प्रत्येक बॅचला वेगळा निकाल येत असेल तर शुद्धीकरण बघणाऱ्यांकडे. आणि थर आणि क्रिस्टल यांची सीमा खरंच कशी जुळलीय, हा प्रश्न असेल तर घरच्या मशीनवर डोकं फोडू नका, त्याला सिंक्रोट्रॉनवरचं लहान कोनांचं मोजमाप किंवा क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी लागते, ते चालवणारी माणसं वेगळी असतात. बीईटी मशीनवर पृष्ठफळ मोजण्यासाठी नमुना गरम करून व्हॅक्यूममध्ये टाकायचा विचार असेल तर त्याआधीही विचारा, त्यातून येणारा आकडा वाळून कोसळलेल्या क्रिस्टलचा असेल.

फेरिटिनचे क्रिस्टल करणाऱ्यांनी हे सगळं जसंच्या तसं लावू नये. टेझकान यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलेल्या प्रकारात २४ साखळ्यांचं फेरिटिनच जाळीचा सांधा असतं, झिंक त्याच्या पृष्ठभागावर मुद्दाम घातलेल्या हिस्टिडिनवर बसतं आणि हायड्रॉक्झामेट लिंकर दोन रेणू जोडतो. तिथे बाहेर थरच नसतो, म्हणून बफरची यादी आणि झिंकचं प्रमाण एवढंच बघा, बाकीसाठी सरळ त्या कामातल्या माणसाला विचारा.

तज्ञाकडे जाताना तीन कॅपिलरी न्या, तिन्ही मदर लिकरसकट बंद केलेल्या: एकात न बांधलेला क्रिस्टल, एकात बांधलेला, एकात थर चढवलेला. सोबत प्रत्येक द्रावणात काय आणि किती आहे त्याची चिठ्ठी, पीएचसकट. नुसता थर चढवलेला नमुना नेलात तर पहिल्या भेटीत ते बाकीचे दोनच मागतील.